उसना कोयता

बसव्वाक्काकडून कोयता मागून आणला
तेव्हा म्हणालो, कुंपणाची बाभळ तोडायची आहे.
"ने की. सोमवारच्या आत दे,
म्हशीला चारा कापायचाय."
आमच्या कुंपणाला बाभळ कधी होती,
हे तिने विचारलं नाही.

तिम्माकाका सुटणार हे मला भट्टीवर कळलं,
हात कोपरापर्यंत कौलांच्या मातीत.
चौदाची अकरा केली म्हणे, वागणूक चांगली.
हिंडलग्याहून सकाळी सोडतात,
बेळगावला गाडी बदलायची,
खानापूर स्टँडवर अकराच्या सुमाराला.

चर्चच्या वहीत तो तिमोथी.
माझा बाप त्याच वहीत एलिया, जमिनीच्या उताऱ्यात एल्लाप्पा.
दोघांनी एका बाकावर बसून वचनं पाठ केलेली.
आणि हातभर बांधावरून,
जिथे भाताची एक ओळ धड मावत नाही,
एकाने दुसऱ्याच्या डोक्यात पहार घातली.
मी पंधरा वर्षांचा.
बापाच्या हातातली रोपांची मूठ
चिखलात पडली ती उभीच राहिली,
लावल्यासारखी.

आई रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणायची
आणि ऋणाच्या ओळीपाशी थांबायची.
मंडळी पुढे जायची, ती मागे उरायची,
मग धावत येऊन आमेनला गाठायची.
अकरा वर्षं.
तीन पाळक बदलले, कोणी टोकलं नाही.

गेल्या नाताळात तिने ती ओळ म्हटली. पूर्ण.
मी शेजारी उभा होतो.
मला तिचा राग आला.

"विसरलीस?" घरी विचारलं.
"नाही," भाकरी उलटत म्हणाली,
"वहीतलं नाव खोडलंय.
उधारी नव्हतीच, असं कुठं म्हटलंय?"
मग तव्याकडेच बघत,
"सुवार्तेला सातवा लागलाय.
त्या पोराला काय देणार आहेस, बांध?"

मी उत्तर दिलं नाही.
दुसऱ्या महिन्यात कोयता मागून आणला.

रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो,
पोत्यात गुंडाळलेलं पातं मांडीला गार.
गाडी लागली. तो उतरला.
अकरा वर्षं मी ज्याला मारत आलो
तो याच्या दुप्पट होता.
हातात एक पिशवी, दाढी पिकलेली,
चपला नव्या, दोन नंबर मोठ्या.
फलाट बदललेले, पाट्या सगळ्या कन्नडमध्ये,
आणि हा मराठी शाळेचा, चौथी पास.
इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आला तो माझ्याकडेच.

"नंदगडची हीच काय ओ?"

ती जांबोटीची होती.
होय म्हणालो असतो
तर संध्याकाळपर्यंत तो रानात,
वाट एक, माणूस नाही.
हे सगळं मी एका श्वासात बघितलं.
फार लांब श्वास होता तो.

"ही जांबोटीची. तुमची चार नंबरला.
बारा दहाला सुटते."

"उपकार झाले, बाळ."

चार पावलं गेला आणि थांबला, पाठमोराच.
मला ओळखलं,
की पिशवीचा बंद तुटला,
ठाऊक नाही.
उपकार हा शब्द मात्र
अजून माझ्या घशात अडकून आहे.

क्षमा केली असं मी म्हणत नाही.
गाडीचा नंबर खरा सांगितला, एवढंच.

सांजेला कोयता परत दिला.
बसव्वाक्काने पात्यावरून अंगठा फिरवला.
"तुटली काय बाभळ?"
"उभी आहे."
"बरं," म्हणाली, आणि तो आढ्याला खोचला,
माझा हात पोचणार नाही इतका वर.

रविवारी तो मागच्या बाकावर असेल.
पाळक सुरू करतील, सगळे डोळे मिटतील,
ऋणाची ओळ येईल.
मी तिथून पुढे जाईन की नाही, सांगता येत नाही.
मागे उरलोच
तर आईसारखा पळेन,
आमेनच्या आत पोचायला.